क्लेटनला ठेवणार की देणार

एरी,
२६ सप्टेंबर १९८३

ती. ऑरविलदादास,
वर्नाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोन पानांचं पत्र, त्यात दीड पान हवापाणी. काही लपवायचं असलं की तू हवामानावर येतोस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

इथे रेडिओवर सकाळ-संध्याकाळ एकच काथ्याकूट चाललाय. टोलिडोच्या फुटबॉल संघाने आपल्या कोवळ्या क्वार्टरबॅकला ठेवावं, की त्याला टेक्ससला देऊन तिथला मुरलेला गडी आणावा? चर्चच्या जेवणात त्या कोवाल्स्कीबाईने तर माझ्या तोंडावर सांगितलं, की चेंडू हातात आला की तुमचा क्लेटन हल्ली घुटमळतो. मी तिच्या बटाट्याच्या सॅलडला हात लावला नाही.

पण तू तर त्यांच्या सामानखोलीतच आहेस. कोण चाललं हे सगळ्यात आधी तुला कळतं, कारण जाणाऱ्याची बॅग तूच भरतोस. माझ्या मुलाला ते घालवणार आहेत का? बाप नसलेलं पोर आहे. मामा तिथे आहे, म्हणून मी इथे निवांत झोपते. खरं काय ते लिही, आणि माया आहे तशीच ठेव.

तुझी,
वर्ना

टोलिडो,
१ ऑक्टोबर १९८३

चि. वर्ना हीस,
अ. आ. वि. वि.

तुझा संशय माझ्यावर, माझा मॅनेजरवर. एकोणीस वर्षांत ज्याने मला कधी नावाने हाक मारली नाही, त्याने परवा माझ्या गुडघ्याची चौकशी केली. वर कॉफी पाजली. मग सहज म्हणून विचारलं, की भाचा इथे खूश आहे ना. म्हणे सहज! क्लेटनच्या बारा नंबरच्या नव्या जर्सींची मागणीही त्याने अडवून धरली आहे. नक्की काहीतरी शिजतंय. पोराला मात्र मी यातलं अवाक्षर बोललो नाही.

बाकी क्लेटन बरा आहे. सामन्यात त्याला पुकाराव्या लागणाऱ्या चालींचा कागद दर शुक्रवारी मी लिहून त्याच्या मनगटपट्टीत घालतो ना, तर काल तो म्हणाला, की मामा, अक्षर अजून मोठं काढ आणि चाली थोड्याच लिही. दिला तसा करून.

आणि मंगळवारी रेडिओला फोन करून, पोराला हात लावाल तर याद राखा, असं ओरडणारी एरीची बाई कोण गं? आवाज ओळखीचा वाटला. जरा दमाने घे, आणि या म्हाताऱ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा,
ऑरविल

एरी,
५ ऑक्टोबर १९८३

ती. दादा,
सा. न. वि. वि.

ती बाई मीच. पुन्हा करीन.

पण हे मोठ्या अक्षराचं काय? तेवीस वर्षांच्या पोराला मोठं अक्षर कशाला लागतं? ऑगस्टमध्ये सरावात तो डोक्यावर आपटला, तेव्हा जरासं लागलं, एवढंच तू लिहिलंस. त्यानंतर सगळं हवापाणी. काल मी त्याला फोन करून खोदून विचारलं, तर तो म्हणाला, की मामाला विचार, आणि फोन ठेवून दिला. तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून काय चोरताय?

भाचा जवळ राहावा म्हणून तू काही झाकत असशील, तर मी तुला माफ करणार नाही. लोभाचं काय ते तुझं उत्तर आल्यावर बघू.

वर्ना

टोलिडो,
११ ऑक्टोबर १९८३

चि. वर्ना हीस,
अ. आ. वि. वि.

तू बरोबर ओळखलंस. आपटल्याच्या दुसऱ्या दिवशी क्लेटन आला तो भलत्याच गड्याच्या कपाटापुढे बसला आणि माझे बूट कुठे गेले, असं विचारू लागला. मी त्याला हाताला धरून त्याच्या जागेवर नेलं. त्याने मला शपथ घातली, की मामा, कुणाला बोलू नकोस, कळलं तर मला काढून टाकतील. मी गप्प बसलो. इतके दिवस मॅनेजरवर डोळे ठेवून होतो, आणि लपवाछपवी माझीच चालली होती. लाज वाटते गं.

आज खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस, चारपर्यंतची मुदत. दुपारी मला निरोप आला, की बारा नंबरची बॅग भर, तो टेक्ससला चालला. बूट घातले, हेल्मेट घातलं. मनगटपट्टी उचलली तर त्यात माझाच कागद. सहाच चाली, बोटाएवढ्या अक्षरांत. तिकडे त्याला हे कोण लिहून देणार? तिथले लोक त्याला तसाच मैदानात ढकलतील. बॅग तिथेच टाकून मी डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी त्याला तपासलं आणि खेळणं बंद केलं. टेक्ससने लगेच नको म्हटलं. इथेही ठेवतील असं वाटत नाही.

संध्याकाळी क्लेटनने मला विचारलं, की डॉक्टरांना कुणी सांगितलं. मी म्हटलं, मी. तो खूप रडला, बोलू नये ते बोलला. मग तोंड धुऊन आला, माझ्या शेजारी बसला आणि त्याने शांतपणे विचारलं, की मामा, डॉक्टरांना कुणी सांगितलं. वर्ना, मला ते पुन्हा सांगावं लागलं.

मिळेल त्या बसने ये. हवं तेवढं रागव, पण मला परका करू नकोस.

तुझा,
ऑरविल