लिव्हर जोडीनेच मिळतात

३ मार्च, मंगळवार
डावा हात आज पुन्हा संपावर. सकाळपासून लॅबसाठी पाच घरांत रक्त काढलं, तोवर ठीक होतं. सहाव्या घराकडे जाताना चौकात मोटरसायकलचा क्लच दाबायला गेले तर बोटं वळेनात. गाडी बंद. मागून हॉर्नचा गजर. एकाने काच खाली करून विचारलं, "चालवता येत नाही तर रस्त्यावर येता कशाला?" बावीस वर्षं चालवतेय बाबा, तुला मिसरूड फुटायच्या आधीपासून — हे तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात हिरवा दिवा लागला आणि तो पुढे गेला. चांगलं वाक्य वाया गेलं.

संधिवात. एक्केचाळिसाव्या वर्षी. लॅबच्या डॉक्टरांनी माझंच रक्त तपासून रिपोर्ट माझ्याच हातात दिला. तेवढीच एक फेरी वाचली. म्हणाले, "आता फिरणं पुरे. काउंटरवर बसा, नावं लिहून घ्या." दिवसभर खुर्चीत बसून "उपाशीपोटी आलात ना?" एवढंच विचारायचं. त्यापेक्षा मीच उपाशी मरेन.

५ मार्च, गुरुवार
गॅरेजवाल्याला हात दाखवला. डॉक्टरपेक्षा नीट बघितला त्याने. मूठ करायला लावली, उघडायला लावली, मग क्लच दाबायला लावला.

"ताई, तुमच्यात जोर आहे. पण ही कंपनीची लिव्हर हँडलपासून लांब. तिथवर पोचेपर्यंतच बोटं दमतात. बाहेरची मिळते, जवळ-लांब करता येणारी. ती घ्या. फक्त आखूड घेऊ नका. पोरं घेतात आखूड. दिसायला झकास, पण दाबायला जोर जास्त लागतो."

लिव्हर लांब असली की जोर कमी लागतो, हे शाळेत शिकले होते. तरफ. पाचपैकी पाच मार्क. उपयोग आज झाला.

७ मार्च, शनिवार
गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान म्हणजे नुसता दागिन्यांचा बाजार. सोनेरी लिव्हर, लाल, निळी, एक तर जांभळी. विक्रेत्याने गोड हसून विचारलं, "मुलाची कोणती गाडी आहे?" मी म्हटलं, मुलगा नाही, गाडीच आहे. मग तो सरळ झाला.

काळी निवडली. पूर्ण लांबीची, बुडाशी छोटं चाक, त्यावर एक ते सहा आकडे. एकवर ठेवली की लिव्हर हँडलच्या जवळ येते. दाबून पाहिली. दोन बोटांत! दुकानातच नाचायची बाकी होते.

"फक्त क्लचची द्या. ब्रेकची आहे ती चांगली आहे."

"सुटी नाही मिळत. जोडीनेच मिळते."

"लग्नासारखंच झालं म्हणा. एक हवं म्हणून दुसरं गळ्यात."

त्याला कळलं नाही. त्याचं लग्न नवीन असावं. मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा फक्त गाडी घेऊन निघाले होते, आणि इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही की काही विसरलं.

जाताना म्हणाला, "ब्रेकची बसवताना किंचित घासावी लागेल कदाचित."

८ मार्च, रविवार
गॅरेजवाल्याकडे निघाले तर अण्णा दारात आडवे. "मी मेलोय का?"

अण्णा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर. केसाच्या जाडीइतकी चूक नुसत्या अंगठ्याने ओळखायचे, असं सांगतात — म्हणजे तेच सांगतात. रिटायर झाल्यापासून त्यांच्या हाताला घरात काम नाही. आईने मिक्सरलासुद्धा हात लावायला बंदी केलीय, कारण मागच्या वेळी त्यांनी दुरुस्त केल्यावर तो उलटा फिरायला लागला.

अंगणात गोणपाट पसरलं. क्लचची मी बसवली. केबल सैल केली, तिच्या टोकाचा मणी जुन्या लिव्हरमधून काढला, नवीत ग्रीस भरून अडकवला, बोल्ट आवळला. वीस मिनिटं. ब्रेकची अण्णांनी घेतली. "ब्रेक हे पुरुषाचं काम," म्हणाले. आई आतून म्हणाली, "पुरुषाला स्वतःचं पोट आवरत नाही, ब्रेक कसले लावतोय."

कानस घेऊन दोन तास घासत बसले. चष्मा कपाळावर, डोळे बारीक. मध्येच बसवायचे, मध्येच काढायचे. मला हात लावू देईनात. शेवटी मी अंघोळीला गेले. बाहेर आले तर हात पुसत उभे. "झालं."

खूप दिवसांनी एवढे ताठ दिसले. आईने न मागता चहा दिला.

९ मार्च, सोमवार
उजवा हात वाचला म्हणून लिहितेय. डाव्याचं कोपर सोललंय.

सकाळी क्लच इतका हलका की उगाच गिअर बदलत गेले. पहिली चार घरं झाली. सिग्नलला मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, ब्रेकवरचा हात काढा, लाल दिवा डोळ्यात जातोय." माझा हात ब्रेकवर नव्हताच. म्हटलं बटण अडकलं असेल. पुढे काहीतरी जळल्याचा वास आला. वाटलं, कुणी कचरा पेटवलाय. आपल्याकडेच काही जळत असेल हे कुणाच्या मनात येतं?

बाजाराच्या वळणावर पुढचं चाक जागीच थांबलं. मी नाही थांबले.

गाडी हळू होती म्हणून वाचले. डाव्या अंगावर पडले. नमुन्यांच्या पेटीचं झाकण उघडलं आणि रक्ताच्या बाटल्या रस्त्यावर. चार फुटल्या. समोरच्या कापडवालीने ते लाल थारोळं बघितलं आणि किंचाळून खालीच बसली. मी उठून तिला सांगतेय, "अहो, ते माझं नाही, निवृत्त मुख्याध्यापकांचं आहे." त्यावर तिला चक्करच आली. मग मीच तिला पाणी पाजलं.

चाक हलेना. गॅरेजवाला आला. ब्रेकच्या लिव्हरचा बोल्ट सैल केला आणि चाक सुटलं. त्याने लिव्हर हातात धरून दाखवली. तिचं आतलं नाक ब्रेकच्या पिस्टनला सतत टेकून होतं. म्हणजे हात लावला नाही तरी ब्रेक थोडा दाबलेलाच. चालवत गेलं की तापतो, तापला की आणखी आवळतो.

"घासलीय, पण भलत्याच बाजूने. कुणी केलं हे?"

"मी."

त्याने माझ्याकडे बघितलं. रविवारी क्लचची कशी बसवायची हे फोनवर त्यालाच विचारलं होतं, आणि मागे अण्णांची बडबड त्याने ऐकली होती. तिथेच उभ्या उभ्या बरोबर बाजू घासून दिली. दहा मिनिटं.

घरी सांगितलं, वळणावर खडी होती.

१० मार्च, मंगळवार
गुडघ्याचा भोपळा. चार जणांचं रक्त पुन्हा काढून आले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "पहिल्याचं काय झालं?" म्हटलं, नापास झालं.

११ मार्च, बुधवार
अण्णा सकाळी गाडीजवळ. खिडकीतून बघत होते मी. ब्रेक दाबला, सोडला. वाकून लिव्हरच्या आत अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. मग आत येऊन पेपर उघडला.

मी विचारलं, "काय बघत होता?"

"काही नाही. धूळ."

१४ मार्च, शनिवार
दादाने सभा भरवली. दादा म्हणजे थोरला भाऊ. पलीकडच्या गल्लीत राहतो, पण सल्ले इथे पोचवतो. "बाजारातल्या वळणावर मीही जातो रोज. तिथे कुठे खडी असते?" वहिनी म्हणाली, "हात असा, वय असं, त्यात पडलात. काही झालं असतं म्हणजे?" आईने डोळ्याला पदर लावला. डॉक्टरांनी तर काउंटरची खुर्ची पुसून ठेवलीय म्हणे. दादानेच फोन करून त्यांच्या कानावर घातलं होतं.

"तुला आता झेपत नाही. कबूल कर," दादा म्हणाला.

काय कबूल करू? हाताला झेपत होतं. दोन बोटांत झेपत होतं! ब्रेक कुणी घासला हे एक वाक्य बोलले असते तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण अण्णा समोर बसले होते. शर्टाचं बटण उघडत होते, लावत होते. त्यांच्याकडे मिक्सर नाही, लेथ नाही, आता ती एक रविवारची दुपारच होती. ती कशी काढून घेऊ?

म्हटलं, "विचार करते."

दादाला तेवढं पुरलं. मंगळवारी गाडी बघायला माणूस आणतो म्हणाला.

१६ मार्च, सोमवार
नऊ घरं. एकदाही बोटं अडकली नाहीत. शेवटची फेरी असेल म्हणून लांबच्या रस्त्याने आले आणि मग स्वतःचाच राग आला.

१७ मार्च, मंगळवार
दादा माणसाला घेऊन जेवणाच्या वेळेलाच आला. त्या माणसाने विचारलं, "ताई पडल्या म्हणे. गाडीला काही मार?" दादा म्हणाला, "गाडी चांगली आहे हो. चालवणारीचं काही खरं नाही."

अण्णांनी घास खाली ठेवला. "ती पडली नाही. मी पाडली तिला."

अण्णा ताटाकडेच बघत बोलले. "ब्रेक मी बसवला. रविवारीच गाडी ढकलून पाहिली तर जड लागली. ती अंघोळीला गेली होती. मला कळलं होतं. दिसत नव्हतं कुठे टेकतंय ते, आणि विचारायची लाज वाटली. म्हटलं, चालवून चालवून होईल मोकळा."

मला वाटत होतं त्यांना माहीत नाही. माहीत होतं. माहीत असून त्यांनी मला सोमवारी सकाळी जाऊ दिलं.

त्या माणसाला म्हटलं, गाडी विकायची नाही. दादा त्याला घेऊन गेला. अण्णांशी बोलले नाही. बोलेन. आज नाही.