तेल सोडून सगळं

१२ जानेवारी, रविवार. सीब

बावन्न देश, आणि एकाच्याही पाठीला कणा नाही!

रेवाच्या शाळेत १९३५ सालचा राष्ट्रसंघ भरवणार आहेत. मुलांना देश वाटून दिलेत. आमच्या बाईसाहेबांना ब्रिटन. तयारी अर्थात माझ्या गळ्यात. पुण्यात नऊ वर्षं इतिहास शिकवला, इथे आखातात नवऱ्याच्या व्हिसावर पोळ्या लाटतेय. तेवढंच डोक्याला काम.

तिला सांगितलं, मुसोलिनी इथिओपियावर विमानं घेऊन तुटून पडला, आणि जिनिव्हातले हे टायवाले काय करत होते? ठराव! इटलीला कर्ज द्यायचं नाही. तिचा माल घ्यायचा नाही. खेचरंसुद्धा विकायची नाहीत— खेचरं! आणि तेल? तेल चालू. सुएझ कालवा? उघडा.

"बट आई, तेल बंद केलं तर वॉरच थांबलं असतं ना?"

अगं, म्हणूनच नाही केलं. इटली चिडली असती ना! भित्रे लेकाचे.

१५ जानेवारी

अल्माझ डबा परत द्यायला आली. वरच्या मजल्यावर परुळेकरांकडे राहून काम करते. पोरगी इथिओपियाचीच, असेल चोवीस-पंचवीसची. डबा रिकामा देऊ नये म्हणून वहिनींनी चार चकल्या घातलेल्या. दारातच रडायला लागली. आई आजारी आहे, घरी जायचंय. करार नोव्हेंबरातच संपला. पासपोर्ट परुळेकरांच्या कपाटात. मागितला तर म्हणाले, "यू गो, हू विल कुक?" वर एक थोबाडीत. गालावर बोटं दिसत होती.

आणि हा माणूस गणपतीत स्त्रीशक्तीवर भाषण ठोकतो. हलकट!

१९ जानेवारी

बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडे जमल्या. सगळ्यांचं एकमत— शी, किती वाईट! मग ठरलं : परुळेकर वहिनींना हळदीकुंकवाला बोलवायचं नाही. त्यांचं वाण घ्यायचं नाही. ग्रुपवर त्यांच्या गुड मॉर्निंगला अंगठा द्यायचा नाही.

खालची समरीन रत्नागिरीची, तोंडाने फटकळ. म्हणाली, "आणि गाडी?"

परुळेकर रुसैलला कामावर जाताना आमच्या सगळ्यांची मुलं शाळेत सोडतात.

"गाडी सोडा, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगीत त्याची छी थू होईल. मग खलास! हळदीकुंकवाने त्याचं काय वाकडं होणाराय?"

सगळ्या चहा ढवळत बसल्या. परीक्षा तोंडावर आल्यात. मीच म्हटलं, मुलांना यात नको ओढायला. रेवाला शाळेच्या बसमध्ये उलटी होते. समरीनला मूलबाळ नाही, तिचं काय जातंय बोलायला!

२४ जानेवारी

रेवाचं भाषण पाठ झालं. "वी डीपली रिग्रेट—" तोंड वेंगाडून म्हणायला लावलं. हसून हसून पुरेवाट!

२८ जानेवारी

ठरलं! मीच जाणार अल्माझबरोबर. मजूर खात्यात तक्रार देता येते. तिला बोलायला जमणार नाही, मी बोलेन. तिचा मोबाइलही काढून घेतलाय, म्हणून डब्यात चिठ्ठी घातली. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत : गुरुवारी सकाळी आठ, गेटबाहेर, कचराकुंडीच्या मागे. मी येते. खाली नाव. वर कागद, त्यावर दोन गुळपोळ्या. दार अल्माझनेच उघडलं. तिला डोळ्यांनी खुणावलं, तिला कळलं.

मी काय जिनिव्हातली आहे का!

३० जानेवारी, गुरुवार

पर्स खांद्याला लावली, खिडकीतून पाहिलं. कचराकुंडीमागे अल्माझ, निळी पिशवी घेऊन. आणि गेटमध्ये परुळेकरांची गाडी! एरवी सातला जाते. आज राष्ट्रसंघ, मुलं उशिरा निघणार— मीच रेवाच्या ब्लेझरला इस्त्री केली, आणि मीच विसरले. रेवा पुढच्या सीटवर. परुळेकरांनी मला हात केला. मीही केला.

आठ दहाला गाडी गेली. तेव्हा जाता आलं असतं. पण नवऱ्याचा व्हिसा जूनमध्ये संपतोय, आणि परुळेकरांची कुठे कुठे ओळख आहे. रेवाची दहावी आहे पुढच्या वर्षी.

अल्माझने तीनदा वर पाहिलं. मी पडद्याआड. आठ चाळीसला ती एकटीच रस्त्याकडे चालू लागली. मी पर्स काढून ठेवली.

रेवाला पहिलं बक्षीस मिळालं.

१ फेब्रुवारी

अल्माझ पोलिसांना सापडली. परुळेकरांनी पळून गेल्याची तक्रार दिली होती. पुढे काय होणार, कुणाला माहीत नाही. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले टाकले. समरीनने ग्रुप सोडला.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

परुळेकर वहिनींकडे हळदीकुंकू. सगळ्या गेल्या. मीही.

निघताना वहिनींनी माझा डबा दिला. "रिकामा कसा देऊ?" म्हणाल्या, आणि झाकण स्वतःच उघडलं. तिळाचे लाडू. त्यांच्याखाली माझी चिठ्ठी, नीट घडी घातलेली.

"तिळगूळ घ्या," वहिनी हसून म्हणाल्या, "गोड बोला."

हो म्हटलं. एक लाडू तिथेच खाल्ला.