भूशिराला वळसा

प्रिय जावईबापू,

अशी हाक मारली की तू अवघडायचास. पण सासऱ्याची जीभ एकदा वळली की वळली. तुझा निरोप मिळाला. माझी होडी ट्रकनं पाठवा नाहीतर पाण्यातून आणवा, तुम्हाला सोपं पडेल तसं करा, असं तू कळवलंस. त्या ‘सोपं’वरून आमच्या घरात किती धुसफूस झाली, तुला काय सांगू!

मी ट्रकच्या बाजूचा. चष्म्याच्या दुकानात जन्म गेलेला माणूस मी, मला जमिनीवरचंच कळतं. ट्रकवाला येऊन होडी मापून गेला. डोलकाठी उतरवून आडवी बांधू, डोंगरातल्या वळणांवर जपून घेऊ, सकाळी निघालो की दिवेलागणीला पोचवतो, म्हणाला. धक्क्यावर शिडं शिवणारा म्हातारा मात्र माझ्यावर डाफरलाच. एवढे खड्डे खात गेली तर सांधे खिळखिळे होतील, मग पाण्यात सोडलीत की चाळणी! त्यापेक्षा वारा बरा आहे तोवर मीच नेतो, सोबत चला, म्हणाला. मी त्याला गुडघे सांगितले, दुकान सांगितलं, पोटात ढवळतं तेही सांगितलं. खरं कारण त्याला न सांगता ठाऊक होतं. पाण्यातून यायचं म्हणजे त्या भूशिराला वळसा घालावा लागतो.

तुझ्या सासूबाईंचं म्हणणं एकच, ती होडी माझ्या डोळ्यांसमोरून हलवा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या होड्यांच्या यार्डातली तिची डोलकाठी दिसते, तुला माहीत आहे. तू तुझ्या गावी निघून गेलास त्याच आठवड्यात तिनं त्या खिडकीला जुनी चादर ठोकली. तेव्हापासून भर दुपारी दिवा लावून भाजी चिरते. मी एकदा चादर काढायला गेलो, तर म्हणाली, हात लावाल तर याद राखा. नर्स म्हणून तिनं उभा जन्म वॉर्डात काढला, मरणं काही कमी पाहिली नाहीत. पण तिथे निदान चेहऱ्यावर पांघरूण ओढायला मिळतं, असं ती एकदाच बोलली, आणि उठून भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छच होती.

तुला त्या दिवसाची आठवण करून द्यायची गरज नाही, पण आमच्या बाजूनं तो कसा होता हे तुला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही दोघं सुट्टीला येणार म्हणून आम्ही संध्याकाळपासून धक्क्यावर होतो. होडी लागली ती दुसऱ्या दिवशी उजाडताना. दोर टाकायला तू एकटाच उभा होतास. मला वाटलं, आमची ठमी खाली झोपली असेल. मी तिला हाकसुद्धा मारली, ऊठ गं, पोचलात. मग तुझं तोंड पाहिलं. भूशिरापाशी पाण्यात पडली, इतकंच तू बोललास. तुझ्या सासूबाईंनी तुला एवढंच विचारलं, तू मागे का नाही वळलास? तू दोर बांधत राहिलास. पोलिसांना तू सांगितलंस ते मी शेजारी बसून ऐकलं. लगेच वळलास, अंधार पडेपर्यंत तिथेच फिरत होतास, घसा बसेपर्यंत हाका मारल्यास. मी घरी येऊन तिला हे शब्दन् शब्द सांगितलं. तिला काही पटलं नाही. म्हणाली, भर दिवसा डोळ्यांदेखत पडलेलं माणूस सापडत नाही होय?

तर ट्रक ठरला. यार्डात क्रेन आली, होडीच्या पोटाखालून पट्टे गेले, आणि तेवढ्यात ही घरातल्या चपलांवर तरातरा आली. आजवर जिनं त्या होडीला पाय लावला नव्हता, ती शिडी चढून वर गेली आणि सुकाणूपाशी जाऊन बसली. मला वाटलं, एकदा बसून घेते आहे, उतरेल. उतरेना. ट्रकवाला बिचारा खालून, काकू, उतरा ना, माझा दिवस जातोय. मी विनवण्या केल्या, रागावलो. माणसं जमली. शेवटी वरूनच म्हणाली, पाण्यातून न्या. मी येणार. माझी पोर पडली ती जागा मला बघायची आहे. ट्रक रिकामा गेला.

सुकाणू म्हाताऱ्याकडे होतं. मी ओकून ओकून आडवा, आणि ही खांबासारखी ताठ. भूशिराशी आलो तेव्हा ऊन होतं, वारा बेताचा. समुद्र इतका साधा दिसत होता की मला त्याचा राग आला. ही बघायला उभी राहिली आणि तिच्या डोक्याचा रुमाल सुटून पाण्यात पडला. लालभडक रुमाल. म्हाताऱ्यानं कुणी न सांगता होडी वळवली. शीड फडफडलं, होडीला वळायला वेळ लागला, तोवर आम्ही कुठल्या कुठे पुढे गेलो होतो. मी रुमालावर बोट रोखून धरलं होतं. मध्ये एक लाट आली, ती गेली, आणि रुमाल नव्हता. ही ओरडत होती, तिकडे, तिकडे! अहो, तिकडे! म्हातारा ती दाखवेल तिकडे जात होता. आम्ही कितीतरी वेळ फिरलो. हळूहळू तिचं ओरडणं थांबलं. ती खाली बसली. पाण्याकडे बघत म्हणाली, एवढा लाल होता हो. आणि मग, त्यालाही ती अशीच दिसेनाशी झाली असेल. त्यानंतर ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आता आम्ही भूशिर ओलांडून थोडं पुढच्या एका कोळ्यांच्या बंदरात आहोत. धक्क्याजवळ एक खोली घेतली आहे. म्हाताऱ्याला तिनं बसनं परत पाठवून दिलं. इथून पुढे होडी जावई नेईल, मी बसेन, म्हणते. ती जागा तू तिला दाखवावीस, आणि ठमी त्या दिवशी काय काय बोलली ते सांगावंस, एवढंच तिला हवं आहे. लिहा त्याला, म्हणाली, म्हणून लिहितो आहे. माझं विचारशील तर तुझ्याशी खोटं बोलणार नाही. ठमी गेली आणि तू परत आलास, हे मला अजून गिळता आलेलं नाही. कदाचित कधीच येणार नाही. पण ही सकाळी उठून धक्क्यावर जाते आणि तुझी वाट बघते, आणि तिला कुणाची तरी वाट बघताना मी फार दिवसांनी पाहतो आहे. ये. तुझ्याशी काय बोलायचं ते मला सुचणार नाही. पण तुम्ही दोघं बोलत असाल तेव्हा सुकाणूपाशी कुणीतरी लागेल. कसं धरायचं तेवढं मला दाखव.

तुझाच,
बाबा