बसचा दवाखाना

ता. ९ जानेवारी, गुरुवार

ती. आत्या,

वाकून नमस्कार. वाकणं एवढंच, या पत्रात पुढे ते शोधू नकोस.

मी बरी आहे. शिवणकामवाल्या काकूंच्या माडीवरची खोली लहान आहे, पण उजेड भरपूर आहे. काकूंचं मशीन दिवसभर खालून धडधडतं, त्याची सवय झाली. पहिल्या दिवशी भाजी करपली, दुसऱ्या दिवशी कच्ची राहिली, आज खाण्यासारखी झाली. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळायला मी नाही म्हणून तसाच ठेवू नकोस. शाळेतल्या शिपाई मावशींना हाक मार, त्या नाही म्हणायच्या नाहीत.

त्यांच्याकडूनच तुझा निरोप मिळाला. लेखी माफी दिली तर सोमवारी वर्गावर यायचं, नाहीतर वर्ग दुसऱ्या बाईंना. निरोप देऊन मावशींनी पदरची भर घातली, "लिहून टाका की दोन ओळी. तुमच्या बापाचं काय जातंय?" माझ्या बापाचं काही जात नाही हे खरं. पण कुणाचं तरी जातंय, म्हणून दोन ओळींच्या जागी हे एवढं लिहायला बसले. शाळेत तुला "मोठ्या बाई" म्हणते, "तुम्ही" म्हणते. हे पत्र मात्र घरच्या आत्याला आहे.

तू म्हणतेस, शाळा बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मी तुला तोंडघशी पाडलं. पाडलं. पण त्याआधी वर्गात काय झालं ते तुला ठाऊक नाही, कारण तू पाहुण्यांच्या चहाचं बघत होतीस.

मुळात मी पोरांना टाकाऊ वस्तूंचं घर करायला सांगितलं होतं. वकीलबाई म्हणाली, "घर सगळेच करतात." (वकीलबाई म्हणजे ती दोन वेण्यांची, जी तुलाही "पण का?" विचारते.) त्याच दिवशी शाळेची बस रस्त्यात बंद पडली होती. आपला गुबगुबीत ढोल्या म्हणाला, बसला बरं नाही. झालं, बसचा दवाखाना करायचा ठरला. दुसऱ्या दिवसापासून घरोघरची अडगळ वर्गात यायला लागली. बुटांची खोकी, टूथपेस्टची खोकी, बाटल्यांची झाकणं, चेपलेल्या बाटल्या, कुणाच्या तरी बाबांचा एक मोजा. मोजा कशाला, तर पट्टी बांधायला. खोक्यांना झाकणांची चाकं लावून बसगाड्या झाल्या.

आजारी बस झोपवायची कशी यावर केवढं रणकंदन झालं! पाठीवर झोपवली तर चाकं वर, म्हणजे ती मेली असं दिसतं. पोटावर तर ती रोजच असते. शेवटी मुंगी, आपली सगळ्यांत लहान, हळूच म्हणाली, "कुशीवर." सगळ्यांना पटलं. मग एका बाजूला उंच कड असलेल्या खाटा आल्या. छप्पर सारखं कोसळायचं, तर ढोल्यानं पुठ्ठ्याच्या घड्या घालून त्याला पाय केले. दोन मजली बस आत मावेना म्हणून ते एका बाजूनं वर उचललं. आणि पुढची भिंत त्यांनी ठरवून लावलीच नाही. आजारी बसला रस्ता दिसला नाही तर ती रडेल, असं वकीलबाईचं म्हणणं. मी एकदाच सुचवलं, भिंत लावू या का, तर सगळा वर्ग माझ्यावर धावून आला.

आणि मग पाहुणे यायच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तू मागे थांबलीस. दुखऱ्या गुडघ्यानं जमिनीवर बसून, ग्लू गननं बोट भाजून घेऊन, तू छप्पर सरळ केलंस. भिंत लावलीस. वरून निळा घोटीव कागद चढवलास. बसगाड्या उभ्या करून रांगेत लावल्यास आणि सुंदर अक्षरात पाटी केलीस, 'आदर्श बस आगार'.

सकाळी मी ते पाहिलं आणि तुला म्हणाले, "छान झालंय." म्हणाले मी तसं.

मग पोरं आली. आगाराभोवती गोळा झाली. नंतर वकीलबाई अगदी शहाण्यासारखं म्हणाली, "बाई, हे कुणाचंय? त्यांना सांगा ना घेऊन जायला. आम्हाला दवाखान्याला जागा पाहिजे." ढोल्या बाकांखाली वाकून वाकून दवाखाना शोधत होता. मुंगीला तिची बस झाकणांवरून ओळखू आली. ती उचलून माझ्याकडे आणली आणि रडत म्हणाली, "हिला कुणी उठवलं? हिला ताप आहे ना!"

आत्या, मी काय सांगायला हवं होतं? मोठ्या बाईंनी बरी केली, असं?

तेवढ्यात तू पाहुण्यांना घेऊन आलीस. संस्थेच्या अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं, "कुणी केलं हे?" वकीलबाई म्हणाली, "आम्ही नाही." ढोल्या म्हणाला, "आम्ही नाही." तू हसून म्हणालीस, "लाजतात हो!" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मुलं खरं बोलतायत. हे मोठ्या बाईंनी केलंय. मुलांचं याच्या आत होतं."

नव्या वर्गखोलीचं त्यांनी "बघू" म्हणून टांगून ठेवलं, ते माझ्यामुळे. खोलीसाठी तू त्यांच्या दारात किती खेटे घातलेस ते मी पाहिलंय. दाटीवाटीत बसणाऱ्या पोरांसाठीच तू कागद चिकटवत बसलीस, हेही कळतं. खोलीसाठी तुझ्याबरोबर मीही खेटे घालीन, चपला झिजेपर्यंत. पण पोरांना खोटं पाडून मिळणारी खोली मला नको.

आता जे टाळतेय ते लिहिते. त्या संध्याकाळी घरी तू म्हणालीस, "तुझं सगळं मीच निस्तरलं, तेव्हा नाही कुठं बोचलं?" मी उत्तर न देता पिशवी भरली आणि निघाले. उत्तर होतं, आत्या. दिवाणखान्यात माझं लहानपणीचं बक्षिसाचं चित्र लावलंयस ना, नदी आणि होडीचं? त्यात खालचं नाव तेवढं माझं आहे. माझी होडी पाण्याबाहेर होती. तू ती खोडून पाण्यात घातलीस, मग नदी केलीस, मग आभाळ. येणारा-जाणारा विचारतो, "हे तू काढलंस?" आणि मी आजवर हो म्हणत आले. कॉलेज तू निवडलंस, नोकरी तू दिलीस, सगळं चांगलंच निघालं, आणि प्रत्येक वेळी मी हो म्हणाले. त्या दिवशी पाच वर्षांची पोरं अध्यक्षांच्या तोंडावर नाही म्हणाली. त्यांच्या शेजारी उभं राहून मला हो म्हणवेना.

आई गेल्यावर तू मला पोटाशी धरलंस, स्वतःचा संसार मांडला नाहीस. ते ऋण मी जन्मात फेडू शकत नाही. पण माफी मागून तर मुळीच फेडणार नाही. मला रडू येतंय आणि रागही येतोय, दोन्ही तुझ्यामुळेच.

तर माफी नाही. आणि सोमवारी मी येणार. वर्गाला कुलूप घातलंस तर पायरीवर बसेन, पोरं तिथं येतील. दुसऱ्या बाई आणल्यास तर वकीलबाई तुझ्या खोलीत येऊन "पण का?" विचारेल. उत्तर तयार ठेव, ती एकावर थांबत नाही.

सोमवारी पहिलं काम, तू लावलेली भिंत काढायची. मी हात लावणार नाही, पोरंच काढतील. तूही ये. सतरंजीवर आमच्यात बस. पोरांना सांगतेस तसंच, हाताची घडी, तोंडावर बोट. छप्पर कोसळेल. कोसळू दे. तुझे हात शिवशिवतील, मला माहीत आहेत ते हात, त्यांनीच मला न्हाऊ-माखू घातलंय. तरी ते उचलू नकोस. तेवढा वेळ बसलीस तर मी घरी परत येईन. नाही बसलीस, तरी वर्ग सोडणार नाही.

हे पत्र कुणाला दाखवलं नाही, कुणाकडून सुधारून घेतलं नाही. चुका असतील त्या माझ्या आहेत. लाल पेन उघडू नकोस.

तुझीच,
भाची