वीतभर अंतराचा नियम

तीर्थरूप मामा,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना (दुखऱ्याला जरा हळूच) वाकून नमस्कार. मामींचा खोकला थांबला का? माझं नाव निघालं की आई अजून भांडी आपटते का? इकडे मी खुशाल आहे, फक्त नाकाचं सालटं निघालंय. आणि भांडून अर्धवट सोडलेल्या त्या कॉलेजात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही, हे विचारील त्याला ठणकावून सांगा.

तुम्ही विचारलंत, बेटावरच्या रिसॉर्टात प्रयोगशाळा कशाला? मलाही तोच प्रश्न पडला होता. (ती दिसेपर्यंत.) पोहण्याचा तलाव आणि नाश्त्याची खोली यांच्या मधोमध एक काचेची खोली आहे. आत टाक्या, पंप, निळे दिवे आणि समुद्रातलं मरू घातलेलं प्रवाळ वाढवणारी ती, इथली संशोधक. पाहुणे ओल्या अंगाने काचेला नाक लावून बघतात; मासे बघतात की तिला, कोण जाणे. मी तेव्हा टॉवेल वाटायचो. एका पाहुण्याने तिच्याकडे बघून काचेवर टकटक केली, तसा मी जाऊन त्याच्या खोलीच्या काचेवर टकटक करत बसलो, तो दार उघडेपर्यंत. मॅनेजरने टॉवेल काढून घेतले. ती म्हणाली, "मला टाक्या घासायला माणूस हवाच आहे." माझ्या डोक्यातल्या रागाने माझं भलं केल्याची ही पहिलीच वेळ!

मामा, प्रवाळ म्हणजे दगड नव्हे की झाड नव्हे. दगडी घरांत दाटीवाटीने राहणारे, दारातून तोंड बाहेर काढून बसलेले बारीक प्राणी ते. नखाएवढा तुकडा तोडून चकतीवर चिकटवला, की वाढतो. तिचा नियम एकच, दोन जातींमध्ये वीतभर अंतर. (माझ्या बाबतीतही तिने तो कसोशीने पाळलाय.) ते वीतभर अंतर मला बघवेना. मग एका संध्याकाळी तिच्या आवडीचं हिरवं आणि तिने मला पहिल्यांदा हातात दिलेलं तपकिरी, अशी दोन्ही मी एकाच चकतीवर गालाला गाल लावून चिकटवली.

सकाळी बघतो तर माझ्या तपकिरीच्या कडेला पांढराफटक पट्टा! मी आधी पंपाला शिव्या घातल्या, मग एका निरपराध खेकड्याला. तेवढ्यात ती आली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"का?"

आता काय सांगणार? म्हटलं, "जवळ ठेवल्यावर काय होतं ते बघावं, म्हणून."

वाटलं, गेली नोकरी. तिने सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची सरकवली. "मग बघ की."

मामा, त्या हिरव्याने लांबलचक सोंडा काढून माझ्या तपकिरीला रातोरात डंख मारले होते! काही जाती तर पोटातले दोरे तोंडातून बाहेर टाकून शेजाऱ्याला जागच्या जागी पचवतात. (तुमच्या सोसायटीची सभा परवडली.) पण एकाच प्रवाळाचे दोन तुकडे शेजारी ठेवले, तर भांडण नाही, ते जुळून एक होतात. डोळे नाहीत, मेंदू नाही, मग आपला कोण नि परका कोण, हे त्यांना कळतं कसं? "अजून पुरतं कुणाला ठाऊक नाही," ती म्हणाली. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. परवा ती दिवसभर शेजारी होती आणि तिच्याकडे बघायचंच राहून गेलं.

सर्वांना यथायोग्य सांगणे.

तुमचा तापट भाचा

ता. क. या भांडणाच्या प्रयोगाला तिला सहायक घ्यायचाय, पण मालक पदवी मागतात. तेव्हा ठणकावून सांगायचं जरा थांबवा आणि प्राचार्यांना भेटून, मला परत घेतील का, एवढं विचारा. म्हणावं, समुद्राच्या हवेने पोरगा निवळलाय. तिच्यापासून लांब जावं लागेल, कळतंय मला. वीतभर नव्हे, समुद्रभर.

दुसरा ता. क. आईला तिच्याबद्दल बोलू नका. प्रवाळाबद्दल बोला.

तिसरा ता. क. जिंकलं कोण, असं विचाराल. अर्थात तिचं हिरवं. माझं जवळजवळ सगळं पांढरं पडलंय. पण ती म्हणते, फेकू नकोस, बुडाशी अजून जिवंत आहे.