अनोळखी पत्ते

३ मार्च
आपल्या हॉस्पिटलचं नेटवर्क आजपासून नव्या आयपीवर, म्हणजे मशीनांना पत्ते देण्याच्या नव्या पद्धतीवर. जुन्यात प्रत्येक मशीनला पत्ता मी द्यायचो. नव्यात राउटर फक्त गल्लीचं नाव पुकारतो. घरनंबर मशीन स्वतःच ठरवतं, शेजाऱ्यांना विचारतं, 'हा कुणी घेतलाय का?' आणि कामाला लागतं. कुठल्या नावाचं मशीन कुठल्या पत्त्यावर, हे कुणाला विचारायचं, तेही राउटरच सांगतो. हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या मॅडमना सांगितलं, आठवडाभर मान मोडून काम करावं लागेल. एका चौकोनात टिक केली. झालं.
उद्यापासून मॅन्युअल वाचायचं. नक्की.

४ मार्च
मॅन्युअल जाड आहे. त्याऐवजी स्क्रीनवर नजर टाकली. आपली मशीनं जेमतेम शंभर, पत्ते त्याच्या दुपटीहून जास्त! हे बाकीचे कोण? कुणीतरी आत शिरलंय. कुणाला बोललो नाही. डबा तसाच परत.

५ मार्च
कालचे बरेच पत्ते गायब, त्यांच्या जागी नवे. चोर कपडे बदलतोय. घरी दाराची कडी दोनदा तपासली. ही म्हणाली, चोर असेल तर मॅडमना सांगा. बायकांना वाटतं तितकं हे सोपं नसतं. जाणकार माणूस बोभाटा करत नाही.
शिवाय मॅडम विचारतील, आत आला कसा?

६ मार्च
सापडलं. मशीनं सारखी एकमेकांत कुजबुजतात. सरळमार्गी मशीनला कुजबुजायचं कारण काय? सगळी मशीनं ज्या पेटीला जोडलीत, त्या मुख्य स्विचवर उद्या ही कुजबुजच बंद करतो.

७ मार्च, सकाळ
स्विचवर तसा नियम टाकून कुजबुज बंद केली. अनोळखी पत्ते भराभर गेले. मॅडमना म्हटलं, हल्ला परतवला. त्यांचा चेहरा उतरला. पेशंटची माहिती गेली का, विचारत होत्या. मी असताना?

दुपार
ओळखीचे पत्तेही गेले. कुणाला राउटर सापडेना, कुणाला शेजारी. ऑपरेशन थिएटरमधून सिस्टरांचा फोन. "सर, पेशंट टेबलवर आहे. स्कॅन दिसत नाहीये." आवाज अगदी शांत. इतक्या शांत आवाजाची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.
नियम काढायला गेलो, तर स्विचपर्यंत पोचायलाही नेटवर्कच लागतं. धावलो. जिना चढून स्विचच्या खोलीत पोचलो. शेवटी देवाचं नाव घेऊन स्विचची विजेची पिनच उपटली, पुन्हा लावली. नियम सेव्ह करायला विसरलो होतो, म्हणून तो पुसला गेला. मशीनांनी आपापले पत्ते घेतले. मला कुणी काही विचारलं नाही.
तोवर सर्जन स्वतः स्कॅनच्या खोलीत जाऊन तिथल्या स्क्रीनवर बघून आले होते. ऑपरेशन नीट झालं. मी जिन्यातच बसून राहिलो.

८ मार्च
पेशंटची आई कॉरिडॉरमध्ये भेटली. तिने हात जोडले. म्हणाली, "हल्ला झाला होता म्हणे. तुम्ही होता म्हणून माझा मुलगा वाचला." सांगणार होतो. खरंच. पण 'काळजी घ्या' एवढंच म्हटलं.

१० मार्च
मॅडमनी बाहेरून तज्ज्ञ बोलावला. माझ्याच कामाची पोचपावती, असं आधी वाटलं. तो म्हणाला, एकेक मशीन दोन-तीन पत्ते घेतं, माग लागू नये म्हणून बदलतंही. चोर कुणी नाही. त्या कुजबुजीवरच सगळं चालतं. मॅडमनी विचारलं, हे सुरू करायला आठवडा लागतो का? तो हसला. मॅडम हसल्या नाहीत.
"नेटवर्क तुमच्याकडेच राहील," त्या म्हणाल्या. "पासवर्ड माझ्याकडे."

११ मार्च
घरी सांगितलं, नेटवर्क माझ्याकडेच ठेवलंय. पासवर्डचं ओघात राहून गेलं. एका अर्थी विश्वासच म्हणायचा. आज मॅन्युअलला हात लावणार, तेवढ्यात थिएटरमधून फोन. सिस्टरच होत्या. आवाज तसाच शांत.
त्यांना त्या तज्ज्ञाचा नंबर हवा होता.