ऑगस्टमधली परीक्षा

हेब्बाळ, बेंगळूर
मंगळवार

प्रिय अक्का,

हाताने लिहिलेलं हे जाड पाकीट बघून तू आधी ते उलटसुलट करशील आणि मग श्रीहर्षभावजींना हाक मारून सांगशील, आमच्या रघूला वेड लागलंय. तसं म्हणू नकोस. एरवी खुशाल म्हण, पण सध्या गमतीतसुद्धा म्हणू नकोस. फोन का केला नाही ते शेवटी सांगतो. तोवर एवढंच, की फोनवर तू मधेमधे बोलतेस, माझा धागा तुटतो, आणि हल्ली तुटलेला धागा मला लवकर सापडत नाही.

आधी घरचं. संहिता बरी आहे. तिच्या ऑफिसात नवा साहेब आलाय आणि त्याला सगळं कालच हवं असतं. रक्षिता साडेतीन वर्षांची झाली. आमच्याकडे कामाला येतात त्या यल्लव्वांकडून ती ‘स्वल्प ताळी’ शिकली आहे, आणि मी जेवायला हाक मारली की मलाच थोडं थांबायला सांगते. माझी मॉलमधली स्केटिंगची शिकवणी चालू आहे. तिथलं बर्फाचं मैदान म्हणजे आपल्या जयनगरच्या घराच्या अंगणापेक्षा जरासं मोठं. मुलांचे आईबाप पहिल्याच दिवशी विचारतात, ऑलिंपिकला किती वर्षं लागतील? मी म्हणतो, आधी पडायला शिकू दे. हनुवटी छातीला लावून पडायचं, डोकं आपटता कामा नये. हे मी इतक्या जोरात ओरडून शिकवतो, की परवा एका मुलीच्या आजोबांनी मॅनेजरकडे तक्रार केली.

पडण्यावरून आठवलं. जयनगरच्या त्या सिमेंटच्या रिंगणात मी चाकांचे स्केट्स घालून पहिल्यांदा तोंडावर आपटलो तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि तू पंधराची. समोरचा दात तुटून बाहेर पडला. तू तो तुझ्या हिरव्या काठाच्या रुमालात गुंडाळलास, मला ऑटोत कोंबलंस, आणि मी रडू नये म्हणून डॉक्टरांच्या दारापर्यंत माझ्याकडून एकोणतीसचा पाढा उलटा म्हणवून घेतलास. दुधाचाच दात निघाला. पण पाढ्यात एकही चूक झाली नाही म्हणून तू मला बदाम हलवा खिलवलास. तेव्हा मला सगळं पाठ असायचं, नाही का? पाचव्या वर्षी रामरक्षा, सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर, मॅजेस्टिक बसस्टँडला जाणाऱ्या सगळ्या बसचे आकडे. पाहुणे आले की अण्णा मला दिवाणखान्यात उभं करायचे आणि तू दाराआडून तोंडं वेडावायचीस.

मग अण्णांना कॅनडातली नोकरी लागली आणि आपण सगळे सास्काटूनला गेलो. चाकांवर शिकलेलं पोर बर्फावर चाललं. सहा वर्षांनी तुम्ही परत आलात आणि मी तिथंच एका कुटुंबात राहिलो, आइस हॉकी खेळायला. आई वर्षभर नीट जेवली नाही, हे तू मला फार उशिरा सांगितलंस. तुम्हाला वाटायचं मी मोठा खेळाडू होणार. मी झालो तिसऱ्या फळीतला फॉरवर्ड. म्हणजे असं, की कोपऱ्यात घुसायचं, कडेच्या फळ्यांवर आपटून घ्यायचं, रबराची ती चकती कशीबशी बाहेर काढायची, आणि गोल दुसऱ्याने करायचा. चौदा हंगाम, अकरा संघ. अमेरिका, स्कॉटलंड, डेन्मार्क, रुमानिया, स्लोव्हाकिया, पोलंडमधलं ते कोळशाच्या खाणींचं गाव. कुठेही दोन हिवाळ्यांपेक्षा जास्त टिकलो नाही. करार एका हंगामाचा, कधी तर महिन्याचा. माझ्यासारखा माणूस तीन आठवडे बाहेर बसला, तर चौथ्या आठवड्यात त्याच्या खुंटीला दुसऱ्याचे बूट लटकलेले असतात. हे मी कधी घरी सांगितलं नाही. मी तुम्हाला बर्फाचे आणि चर्चचे फोटो पाठवायचो.

आता जे सांगायचं ते सांगतो. गेल्या महिन्यात दुपारी रक्षिताला शाळेतून आणायला गेलो. फाटकावर नवीन आया होती. तिने विचारलं, कुठलं मूल? मी म्हणालो, माझी मुलगी. ती हसली आणि म्हणाली, हेसरु? नाव सांगा. अक्का, नाव आलं नाही. तिचा चेहरा डोळ्यांसमोर होता, पिवळे बूट होते, कानामागचा तीळ होता. नाव नव्हतं. पाठीमागे ओळीत उभी असलेली माणसं चुळबुळ करायला लागली. मी फोन कानाला लावून बोलल्याचं नाटक केलं आणि बाजूला झालो. मग पोरीनेच मला पाहिलं आणि धावत आली. घरी येईपर्यंत मी तिला खेळ म्हणून विचारत राहिलो, तुझं नाव काय? ती सांगायची आणि खिदळायची. मी पुन्हा विचारायचो. दहा वेळा, पंधरा वेळा. शेवटी तिला कंटाळा आला आणि ती रडायला लागली.

मी घाबरलो आहे. फळ्यांवर डोकं आपटून बर्फावर आडवा झालो तेव्हाही असा कधी घाबरलो नव्हतो. त्या दिवसापासून रक्षिताला एकट्याने स्कूटरवर नेत नाही. ब्रेक नीट लागत नाहीत असं घरी सांगितलंय. हेब्बाळच्या उड्डाणपुलाला जिथे फाटे फुटतात तिथे आलो की स्कूटर कडेला घेऊन पाटी दोनदा वाचतो. दिवसातून चारदा तिचं नाव तळहातावर लिहितो आणि धुतो. संहिता म्हणते, अरे, मीपण किल्ल्या विसरते. तिचं बरोबर असेल. पण जुने दोन-तीन सोबती आहेत माझे, एक स्कॉटलंडमध्ये, एक ओहायोत, माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच कोपऱ्यात घुसणारे. त्यांच्या बायका मला लिहितात ते मी संहितेला दाखवत नाही.

तिनेच मला डॉक्टर धनलक्ष्मींकडे नेलं. मेंदूच्या डॉक्टर. शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी शब्द आठवायला लावले, आकडे उलटे म्हणायला लावले, मग विचारलं की खेळत असताना अशी परीक्षा कधी दिली होती का. दिली होती. आमच्यात दर ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येकाला संगणकापुढे बसवतात. शब्द, चित्रं, आकडे. जे गुण पडतात ते जपून ठेवतात. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा, आणि ऑगस्टच्या गुणांपर्यंत पोहोचल्याशिवाय खेळू देत नाहीत. डॉक्टर खूश झाल्या. म्हणाल्या, असं फार कुणाकडे नसतं, तुमचं तेव्हाचं आणि आजचं शेजारी ठेवून बघता येईल. मी अकरा ठिकाणी पत्रं पाठवली. सात ठिकाणांहून कागद आले. मागच्या आठवड्यात त्यांनी ते टेबलावर मांडले आणि हसून म्हणाल्या, तेविसाव्या वर्षीपेक्षा तुमची स्मरणशक्ती आज थोडी चांगलीच आहे. काळजी नको, वर्षभराने या. संहिता तिथंच रडली. येताना तिने म्हैसूरपाक घेतला, यल्लव्वांना दिला, लिफ्टमधल्या शेजाऱ्यांना दिला. मी वडी हातात धरून बसलो होतो. तिला वाटलं मलाही भरून आलंय.

ते कागद खोटे आहेत, अक्का. कुणी बदललेले नाहीत, मीच खोटे लिहिलेत. माझ्या पहिल्याच संघात एका म्हाताऱ्या बचावपटूने मला ही युक्ती शिकवली, जशी तो बुटाची नाडी कशी आवळायची ते शिकवायचा तशीच. ऑगस्टमध्ये मठ्ठासारखं लिहायचं. पंधरा शब्द आठवत असतील तर सहा सांगायचे. चित्र ओळखलं तरी नाही म्हणायचं. मग जानेवारीत डोकं फुटलं तरी सहा शब्द कसेही सांगता येतात, आणि शनिवारी तुझा शर्ट तुझ्याच अंगात राहतो. आम्ही सगळे तिसऱ्या-चौथ्या फळीतले असंच करायचो आणि बाहेर येऊन हसायचो, आज कोण जास्त मठ्ठ निघाला म्हणून. चौदा वर्षं दर ऑगस्टमध्ये मी मठ्ठ झालो. बहुतेकदा मीच पहिला यायचो. रामरक्षा तोंडपाठ असलेला तुझा भाऊ! आता खरा रघू किती होता आणि त्यातला किती उरलाय, हे जगात कुठल्याही कागदावर नाही. जो एक कागद असायला हवा होता तो मी स्वतःच्या हाताने पुसला.

आणि अण्णांचंही आज सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला मी कसा असेन कोण जाणे. अण्णा गेले तेव्हा मी आलो नाही. करार आडवा येतो, सोडत नाहीत, असं मी कळवलं. अण्णांना अग्नी श्रीहर्षभावजींनी दिला आणि तू माझ्याशी दोन वर्षं बोलली नाहीस. बरोबरच केलंस. पण करार आडवा आला नव्हता. तुझा निरोप आला त्याच्या तीन दिवस आधी माझं डोकं बर्फावर आपटलं होतं. खिडकीला घोंगडी लावून मी अंधारात पडून होतो, उजेड दिसला की उलटी होत होती, उभं राहिलं की भिंत सरकत होती. विमानतळापर्यंतही पोहोचलो नसतो. हे तुला कळवलं असतं तर तू आईला सांगितलं असतंस आणि आईने मला परत बोलावलं असतं. मी तुझा राग पत्करला. तेराव्या दिवशी, इकडे अण्णांचं तेरावं होतं तेव्हा, मी परीक्षा दिली, सहा शब्द सांगितले आणि पास झालो. त्याच शनिवारी खेळलो. मी तुटका दात घेऊन रडत होतो तेव्हा तो आपल्या शर्टाच्या खिशात टाकून, मला स्कूटरवर पुढे उभं करून डॉक्टरांकडे धावणारा माणूस, त्याच्या तेराव्याच्या आठवड्यात मी कुठल्यातरी गावात चकतीमागे पळत होतो. याची लाज मला त्या दिवसापासून आहे.

काल मी संहितेला न सांगता पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते जुने कागद गोळा करून बाजूला ठेवले. रागावल्या नाहीत, ते जास्त जड गेलं. मग म्हणाल्या, स्कॅन करू, नवीन चाचण्या करू, पण त्यातून आज काय आहे एवढंच कळेल. आधी काय होतं ते सांगणारं कुणी आहे? संहितेने मला पाहिलं ते सगळे मार खाऊन झाल्यावर, लग्न ठरताना. तिला हाच रघू माहीत आहे, आणि हा रघू तिला पुरेसा वाटतो. आई नाही, अण्णा नाहीत. जयनगरच्या घरात आता कुणा दुसऱ्याची माणसं राहतात. मी म्हणालो, एक बहीण आहे, धारवाडला गणित शिकवते, पोरांच्या वह्या तपासताना दया दाखवत नाही. डॉक्टर म्हणाल्या, सरी, ठीक आहे, मग असं करा. घरी जा, फोटो बघू नका, कुणाला काही विचारू नका. जे आठवतं ते त्यांना लिहा.

म्हणून हे पत्र. ही माझी ऑगस्टमधली परीक्षा आहे, आयुष्यात पहिल्यांदाच खरी दिलेली. आता वरून वाचून बघितलं तर दुसऱ्या पानावर तू माझा दात हिरव्या काठाच्या रुमालात गुंडाळून मला ऑटोतून नेलंस, आणि पाचव्या पानावर तोच दात अण्णांच्या खिशात आहे आणि मी स्कूटरवर आहे. लिहिताना मला दोन्ही खरं वाटलं. अजूनही वाटतं. रुमालाचा काठ दिसतो आणि अण्णांच्या पांढऱ्या खिशावर उमटलेला रक्ताचा डागही दिसतो. दोन्हीतलं काहीही खोडलेलं नाही. एकोणतीसचा पाढा काल म्हणून पाहिला, साताच्या पुढे गेलो नाही. हेही लिहून ठेव. अक्का, लाल पेन घे. जिथे चुकलो तिथे फुली मार, जे घडलंच नाही त्याखाली रेघ ओढ, जे विसरलो ते समासात लिही. भावाला वाईट वाटेल म्हणून एकही गुण वाढवू नकोस, तू कुणाचाच कधी वाढवला नाहीस. पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता डॉक्टरांनी वेळ दिली आहे. त्यांना मराठी येत नाही, तेव्हा हे कागद घेऊन तूच ये आणि कन्नडमध्ये त्यांना सगळं सांग. संहितेला मी गुरुवारी सांगेन, तू आलीस की. स्टेशनवर मी येईन, आणि रक्षिताला बरोबर आणेन. मी तुला हाक मारायला जरा वेळ लावला, तर रागावू नकोस, आधी तूच हाक मार.

तुझाच,
रघू